उपलब्ध निधीतून

रविवारी चर्चमधून परतल्यावर आई जेवायला बसेल आणि तेवढा वेळ तरी ती आपल्या एकटीच्या वाट्याला येईल, असा युनियाचा हिशेब होता. सकाळीच तिनं हिरवी केळी सोलून, पानांत बांधून मातोके चुलीवर चढवला होता. शेंगदाण्याचं कालवण लोसिरा आत्यानं केलं होतं. राजधानीत मायलेकी एकाच छपराखाली राहायच्या, एकाच गाडीतून संसदेत जायच्या, पण तिथं पेरूसी नालुमान्सी या बुवेंबा जिल्ह्याच्या खासदार होत्या आणि युनिया त्यांची सचिव. नाकाविझीच्या घरी आलं की आई भेटेल असं युनियाला दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी फणसाखाली माणसं येऊन बसलेली असायची.

आजही बसली होती. कुणाला शाळेची फी हवी होती, कुणाला छपराचे पत्रे, कुणाच्या मुलाला पोलिसांनी उचललं होतं. आई गाडीतून उतरली ती अंगातल्या पायघोळ गोमेसीचा कमरेचा पट्टा सैल करत थेट त्यांच्यातच गेली.

"आई, पानं उघडलीत," युनिया दारातून म्हणाली. "गार होईल."

"आलेच."

"गार झाल्यावर तूच म्हणशील, साबण चावतेय म्हणून."

"ऐकलंत? माझी सचिव मला घरीसुद्धा वेळ ठरवून देते," आई म्हणाली आणि फणसाखाली हशा पिकला.

आत्या परडीतून शेंगा निवडत होती. ती युनियाच्या वडिलांची मोठी बहीण. भाऊ गेला तरी वहिनीला सोडून गेली नव्हती. "नाद सोड," ती म्हणाली. "तुझी आई स्वतःच्या लग्नातसुद्धा पंगत उठल्यावर जेवली. शिक्षकांच्या पगारावरून वऱ्हाड्यांशी भांडत होती. माझा भाऊ नवरदेवाचा कोट घालून एकटाच बसला होता."

शेवटी आई जेवली ती उभ्यानं, एका हातात फोन धरून. बोलता बोलता तिनं कपाळावर हात दाबला. डोकं जड झालंय म्हणाली, चहात आलं जरा जास्त घाल म्हणाली. युनियानं आलं ठेचून चहा केला. आईनं तो घेतला, मोठा निःश्वास टाकला आणि पोलिसांनी उचललेल्या मुलाची चौकशी करायला ठाणेदाराला फोन लावला. युनिया पायरीवर बसून राहिली. साधा दिवस होता, असे कितीतरी गेले होते.

आदल्या आठवड्यात आई बुवेंब्याच्या दवाखान्यात रोबिना नावाच्या एका नर्सला बघून आली होती. मलेरिया म्हणूनच ती मुलगी खाटेला खिळली होती. आईनं तिला उठवून बसवलं, पाणी पाजलं, घाम पुसला. रोबिना गेली तेव्हाही लोक मलेरियाच म्हणत होते. मग राजधानीच्या प्रयोगशाळेतून निरोप आला की हा रक्त ओकायला लावणारा ताप आहे, आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवर साथीची आणीबाणी जाहीर झाली. तोवर आईला दवाखान्यामागच्या पांढऱ्या तंबूत नेलं होतं. तंबूला प्लास्टिकची एक खिडकी होती. युनिया बाहेर उभी राहायची, आई आतून हात वर करायची. मग हात वर करेनाशी झाली. एका दुपारी नखशिखांत पांढरा संरक्षक सूट घातलेला एक माणूस खिडकीशी आला आणि त्यानं आतून पडदा ओढून घेतला.

*

दवाखान्याच्या आवारात एका टोकाला लोखंडी पेटारा होता, मालगाडीवर असतो तसा, थंड ठेवलेला. शेजारी जनरेटर धडधडत होता. त्या पेटाऱ्यात आई होती. तिच्याआधी गेलेलेही तिथंच होते. एकालाही घरी पोचवलेलं नव्हतं.

युनिया डॉक्टर मुकालाझींच्या खोलीत गेली. जिल्ह्याचं साथनिवारण त्यांच्याकडे होतं. माणूस चांगला होता, आणि बरेच दिवस झोपला नव्हता.

"मला आईला घरी न्यायचंय," युनिया म्हणाली. "बाबांच्या शेजारी. नाकाविझीला."

"मॅडम, तुमच्या आईंनी, बाईंनी केलेल्या कायद्याची कलमं मला तोंडपाठ आहेत. मृताला कुळाच्या जागेत, सरकारी पथकानं, सरकारी खर्चानं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"मग अडलंय कुठं?"

मुकालाझींनी खिडकीकडे बोट दाखवलं. चिंचेखाली दोन पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या. टपांवर चिंचेचा पाला पडला होता. "पथक आहे. गाडी आहे. मागून फवारणीची दुसरी गाडी लागते, तीही आहे. टाकीत डिझेल नाही. पोरांना भत्ता नाही. कालपर्यंत तेही आले, आज अर्धेच आलेत."

"दोन्ही टाक्या मी भरते. भत्ता मी देते. आत्ता."

डॉक्टर खुर्चीतून उठले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. "हळू बोला."

"त्यात लपवायचं काय?"

"पुढचं कलम विसरलात? मृताच्या घरच्यांकडून ज्यानं एक शिलिंग घेतला, किंवा त्यांना देऊ दिला, तो थेट तुरुंगात. जामीन नाही. बाईंनी शब्द न् शब्द घासून लिहिलंय. पळवाट नाहीच, मी शोधून बघितली. मला लहान मुलं आहेत, मॅडम."

ते कलम का आलं होतं, हे युनियाला कुणी सांगायची गरज नव्हती. मागच्या साथीत मृतदेह घेऊन गाड्या फाटकापर्यंत यायच्या आणि तिथंच थांबायच्या. बकरं द्या, पैसे द्या, नाहीतर माघारी नेतो आणि चुन्याच्या खड्ड्यात टाकतो. ज्यांच्याकडे होतं त्यांनी दिलं. आजीच्या वेळी आईकडे काही नव्हतं. तेव्हा ती शिक्षिका होती आणि कित्येक महिन्यांचा पगार थकला होता. आजी खड्ड्यात गेली, अनोळखी माणसांच्या मध्ये. आई राजकारणात आली ती त्या खड्ड्यातून, असं लोक म्हणत. आई स्वतः त्याबद्दल कधीच बोलली नाही. तिनं फक्त कायदा लिहिला.

"मग सरकारी खर्चाचं काय?" युनियानं विचारलं.

"ते तुम्ही मला विचारताय?" मुकालाझी म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

या कायद्याचं विधेयक तयार होत होतं तेव्हा एक दिवस युनिया खजिन्याच्या इमारतीत आईच्या शेजारीच बसली होती. विधेयकाला खर्चाचा दाखला जोडल्याशिवाय ते सभागृहात मांडता येत नाही, म्हणून त्या गेल्या होत्या. समोरचा अधिकारी तरुण आणि अतिशय सभ्य होता. एका दफनाला काय लागतं ते त्यानं झटपट मांडून दाखवलं: गाड्या, डिझेल, सूट, चुना, भत्ता. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "वर्षाला किती दफनं धरू?"

"तुम्ही ठरवा," आई म्हणाली.

"विधेयक आपलं आहे, बाई. आकडा आपण द्यायचा."

"पुढच्या वर्षी माझ्या जिल्ह्यातली किती माणसं मरणार, ते मी सही करून देऊ?"

"अंदाज फक्त."

"आमच्याकडे आजारी माणसाच्या घरावरून सुतारसुद्धा मापपट्टी घेऊन जात नाही. आणि मी अंदाज देऊ?"

नुसती श्रद्धेची गोष्ट नव्हती. निवडणूक जवळ आली होती. बुवेंब्यात आईच्या विरोधात उभा राहणारा माणूस बाजारात ओरडून सांगायला मोकळाच होता: बाईंनी तुमची थडगी आधीच मोजून सरकारजमा केलीत. लोकांनी ते आईला कधीच माफ केलं नसतं. समितीतही तेच झालं होतं. आकड्याचा विषय निघाल्यावर एक वयस्कर सदस्य खुर्ची मागे सारून उठला आणि तोंड धुवायला निघून गेला. म्हणून मग तो रकाना मोकळा ठेवायचा ठरला. कुणाचंच मरण लिहायला नको. सभ्य अधिकाऱ्यानं मोकळा रकाना बघितला, थोडा विचार केला आणि दाखल्यावर लिहिलं, 'खर्च उपलब्ध निधीतून भागवला जाईल.' विधेयक एकमतानं मंजूर झालं. बुवेंब्यात ढोल वाजले, आईला माणसांनी खांद्यावर घेतलं.

"उपलब्ध निधी म्हणजे काय ते सांगतो," मुकालाझी आता म्हणत होते. "बाळंतिणींच्या रुग्णवाहिकेचं डिझेल. एवढंच उपलब्ध आहे. तुम्ही म्हणा, आत्ता काढतो. त्याला कायद्याची मनाई नाही."

युनियानं खिडकीतून बघितलं. बाहेर ओसरीवर पोटं सांभाळत बायका बसल्या होत्या. एकीला कळा सुरू झाल्या असाव्यात. ती खांबाला धरून उभी होती.

"मला तर आता हा पेटारासुद्धा चालवायला जड झालाय," डॉक्टर म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत जनरेटर चालेल. त्यानंतर सगळ्यांना तुरुंगाच्या शेतामागं, सरकारी जागेत. खड्डा नाही म्हणणार मी. वेगवेगळ्या कबरी. नावाच्या पाट्या लावू."

"आईला?"

"सगळ्यांना, मॅडम."

*

पेटाऱ्यासमोरच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. अंगात तपकिरी कोट, गुडघ्यावर हॅट. रोबिनाचा बाप, येकोनिया. तो मुलगी गेल्यापासून तिथं होता. युनियानं त्याच्यासमोर गुडघे टेकले आणि मान लववली. हात मिळवायची बंदी होती.

"ऊठ पोरी, माती लागेल," म्हातारा म्हणाला. "खासदाराची मुलगी ना तू? मला वाटलं, तुमची रांग वेगळी असेल."

"रांग एकच आहे, काका."

"चांगलं आहे. माझी रोबिना आता सरकारी पाहुणी. जन्मात कधी पंख्याखाली झोपली नाही, आता बघ कशी थंड हवेत आहे. बिल सरकार देतंय." तो हसला, आणि हसू तोंडावरून जायला बराच वेळ लागला. "भाऊबंद फावडी घेऊन बसलेत घरी. तिच्या आईशेजारची जागा दाखवून ठेवलीय मी त्यांना. खणू नका म्हटलं, आधी खणत नसतात."

त्यानं गुडघ्यावरची हॅट सरळ केली.

"तुझी आई आली होती तिला बघायला. मी म्हटलं, बाई, तुम्ही कशाला. तर स्वतःच्या हातानं पाणी पाजलं तिला. माझीही एक आहे म्हणाल्या, हिच्याच वयाची."

शाळेच्या वसतिगृहात युनियाला मलेरिया झाला होता तेव्हा तिला पाणी मेट्रननं पाजलं होतं. आई त्या आठवड्यात शिक्षकांच्या संपात होती. ही आठवण नेमकी आता का यावी, हे युनियाला कळेना. ती उठली आणि भिंतीच्या आडोशाला गेली. तिथं आत्या उभी होती. दोघींच्या कपाळाला रोज सकाळी ताप मोजायची बंदूक लागायची, रोज हिरवा दिवा लागायचा. जिल्ह्याबाहेर जायला मात्र बंदी होती.

"काय म्हणाला डॉक्टर?"

युनियानं सांगितलं.

"तुरुंगाच्या शेतामागं?" आत्याचा आवाज चिरकला. "चोरांच्या शेजारी? माझ्या भावाशेजारी जागा रिकामी आहे तिची. तिनंच सोडायला लावली होती." तिनं खांद्यावरच्या कापडाचं टोक तोंडात कोंबलं, काढलं. "मंत्र्याला फोन लाव."

"कोणत्या?"

"तोच. ज्याला तुझ्या आईनं सभागृहात घाम फोडला होता."

"आई त्याच्याकडे कधीच गेली नसती."

"तुझी आई आता कुठंच जात नाहीये," आत्या म्हणाली. "तेच तर अडलंय ना?"

युनियाकडे त्या माणसाचा नंबर होता. तिच्याकडे सगळ्यांचे नंबर होते; आयुष्यभर ती दुसऱ्यांसाठी फोन लावत आली होती. स्वतःसाठी मागायची वेळ आली तेव्हा तिला पहिलं वाक्यच सुचेना. पलीकडून मात्र मंत्रीच बोलत सुटला.

"युनिया, फार वाईट झालं. बाई म्हणजे वाघीण. मी त्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण जेवण गोड लागायचं. बोल."

तिनं सांगितलं. पलीकडे कुणाशी तरी तो दबक्या आवाजात बोलला.

"हे बघ, माननीय सदस्याला तुरुंगामागं पुरलं हे टीव्हीवर दिसलं तर आमची सगळ्यांची शोभा होईल. माझ्या कार्यालयाच्या वाट्यातून डिझेल सोडतो. तिथल्या पोलीस पंपावर. पथकाचा भत्ताही बघतो."

"साहेब, इथं आणखी काही लोक..."

"युनिया." आवाज तसाच मऊ होता. "मी बाईंसाठी करतोय. रांग लावायला माझ्याकडे काही नाही. तुझ्या आईनं रकाना मोकळा ठेवला, मी काय करू? बाईंसाठी हवंय की नको?"

आवारात जनरेटर मध्येच खोकला, थांबतो की काय असं वाटलं, आणि पुन्हा धडधडायला लागला.

"हवंय," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डिझेल आलं. मुकालाझींनी पथकप्रमुख लुबेगाला बोलावलं आणि हातातल्या फोनवरचा निरोप पुन्हा एकदा वाचून दाखवला: नाकाविझी, एक फेरी, खासदार. लुबेगा धिप्पाड माणूस होता. गेल्या साथीतही त्यानंच माणसं पुरली होती, आणि त्या वेळचे कुणी त्याच्याशी नीट बोलत नसत.

"डॉक्टर," युनिया म्हणाली, "रोबिनालाही नेता येईल का? याच फेरीत?"

"तिचं गाव तळ्याच्या बाजूला, मॅडम. अगदी दुसऱ्या टोकाला. डिझेल जाऊन यायला पुरेल एवढंच आहे, आणि तेही कुठली तरी एकच दिशा."

"मग..."

"मग काय?"

वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. फार लांब नव्हतं. मग ही फेरी तळ्याकडे करा. एवढंच. मंत्र्याला कोण सांगणार होतं? मुकालाझी तिच्याकडे बघत होते. त्यांना ते वाक्य हवं असावं, असं तिला वाटलं. निदान त्यांनी लुबेगाला अजून निघायला सांगितलं नव्हतं. आई असती तर डॉक्टरांना प्रश्न विचारायचीही वेळ आली नसती.

"काही नाही," युनिया म्हणाली. "निघू या."

गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकून येकोनिया बाकावरून उठला. त्यानं कोटाची बटणं लावली. हॅट डोक्यावर ठेवली, काढली, बाहीनं पुसून पुन्हा ठेवली आणि तो पेटाऱ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"आमचा नंबर ना?"

लुबेगानं हातमोजे चढवता चढवता खाली बघितलं. "मागं व्हा, काका. फवारा उडेल."

"मागंच आहे मी. आमचाच ना पण?"

"बाईंचा आहे."

म्हातारा युनियाकडे वळला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त विचारत होता, बस चुकलेला माणूस विचारतो तसं. "माझी आधी गेली, पोरी. बाई नंतर. तूच म्हणालीस ना काल, रांग एकच आहे?"

"हो, काका."

"मग ही गाडी परत आली की?"

लुबेगा थांबला. दारातून पांढरी पिशवी बाहेर येत होती, चौघांच्या हातांवर, आणि ती इतकी लहान दिसत होती की युनियाला क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाला काढलंय.

"परत आली की," ती म्हणाली.

"बरं," येकोनिया म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला. कोटाची बटणं त्यानं तशीच लावलेली ठेवली.

लुबेगानं काचेआडून युनियाकडे एकदा बघितलं.

*

नाकाविझीला पोचेपर्यंत दुपार कलली होती. केळीच्या बागेत वडिलांच्या कबरीशेजारी खड्डा तयार होता. शेजाऱ्यांनी आणलेली, झाडाची साल कुटून केलेली तांबूस कापडं त्यात एकावर एक अंथरलेली होती. पथक यायच्या आधी कापडं अंथरायला कायद्यानं मुभा होती, तीही आईनंच घातलेली. कॉफीच्या झुडपांना दोरी बांधून गावाला पलीकडे उभं केलं होतं. बायका रडत होत्या, पण एकमेकींना धरून नाही. हातभर अंतरावर उभ्या राहून, जी ती आपापलं रडणं सांभाळत होती.

पांढऱ्या सुटांतल्या माणसांनी आईला हळू खाली सोडलं. लुबेगानं दोर मोकळे करण्याआधी मान झुकवली, क्षणभरच. माती पडली. मग दुसऱ्या गाडीचा पंप सुरू झाला, औषधाचा उग्र वास केळीच्या पानांवर पसरला. गाडीजवळ लुबेगाची माणसं सूट उतरवून पेट्यांत भरत होती. त्यांचे चेहरे घामानं निथळत होते.

गावचा अध्यक्ष दोरीशी पुढं झाला. बाईंच्या प्रचारात सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारा माणूस. "गावकऱ्यांनो," तो म्हणाला, "मागच्या वेळी आपली माणसं कुठं गेली, ते आठवा. आज बघा. सरकारची गाडी, सरकारची माणसं, एक शिलिंग कुणी मागितला नाही. हा बाईंचा कायदा आहे! बाईंनी आपल्यासाठी केला आणि आज तोच कायदा बाईंना घरी घेऊन आला!"

"खरं आहे," कुणीतरी म्हणालं. म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या. एकीनं दोन्ही हात आभाळाकडे नेले. नुकतीच वळून निघालेली पांढरी गाडी लोक कौतुकानं बघत होते; एका बाईनं तिला हात केला.

"आता मुलीनं बोलायचं," अध्यक्ष म्हणाला.

युनियानं मान हलवली.

"बोल गं," आत्या पुटपुटली. "आई गेली. दोन शब्द तरी बोल. कायद्याबद्दल बोल, तुला सगळं माहीत आहे."

युनिया दोरीपर्यंत आली आणि लोकांकडे वळली. सभांसाठी आईची भाषणं तीच लिहायची. पहिलं वाक्य कसं असावं, कुठं थांबावं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. समोर गाव उभं होतं. त्यांना हवं होतं ते भाषण तिच्याकडे तयार होतं.

"कायद्यानं नाही आणलं आईला," ती म्हणाली.

पुढच्या रांगेतलं रडणं थांबलं.

"कायद्याकडे डिझेल नव्हतं. मी एका मंत्र्याला फोन केला, त्यानं एका माणसापुरतं दिलं. तिकडे दवाखान्यात अजून माणसं आहेत. रोबिना आहे. ती आईच्या आधी गेली. तिचा बाप बाकावर बसलाय. मी त्याला सांगितलंय, गाडी परत येईल. गाडी जाईल, पण त्याच्यासाठी नाही. आत्तापर्यंत जनरेटरही बंद पडला असेल."

"युनिया!" आत्यानं तिचं कोपर धरलं. धरायची बंदी होती, तरी धरलं.

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाला, "दुःखात आहे पोरगी. चला, प्रार्थना..."

"थांबा," युनिया म्हणाली. तिनं आत्याचा हात सोडवला आणि दोरीखालून वाकून आईच्या कबरीकडे गेली. कुणी अडवलं नाही. ताज्या मातीवर फवाऱ्याचं पाणी अजून चकाकत होतं. ती त्या मातीवर गेली नाही, कडेलाच उभी राहिली, आणि इतक्या मोठ्यानं बोलली की मागं उभ्या असलेल्यांनाही स्पष्ट ऐकू आलं.

"तू असतीस तर गाडी तळ्याकडे पाठवली असतीस. मला ठाऊक आहे. डॉक्टरांनाही ठाऊक होतं. तू सगळं देऊन टाकायचीस, आई. माझ्या वाटणीचंही दिलंस, मला न विचारता, आणि मी फोन लावत राहिले, भाषणं लिहीत राहिले, तुला मॅडम म्हणत राहिले. ते सगळे तुला बाई म्हणतात. मला त्यांची बाई नको होती. कधीच नको होती. मला तू हवी होतीस, माझी, एकटीची. म्हणून मी तुला रांग मोडून आणलं. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन."